वेळ वाचतो तो बेसिनपाशी

भूमच्या खवाभट्टीवरच्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही: कढई ओली असतानाच घासायची. वाळू दिली, की दुधातली प्रथिनं धातूला धरतात आणि निम्मा वेळ खरवडण्यात जातो. रक्तातल्या प्रथिनांचंही तेच. सिझेरियन आटोपल्यावर आर्टरी फोर्सेप्स ट्रेमध्ये तासभर तशीच राहिली, तर तिच्या सांध्यातलं रक्त वाळतं; वर कुणी गरम पाणी ओतलं, तर आणखी घट्ट बसतं. त्या थराखाली वाफ नीट पोचत नाही. म्हणून सांधे उघडून गार पाणी आणि ब्रश, आणि तेही लगेच.

ग्रामीण रुग्णालयात निर्जंतुकीकरण लवकर उरकायचं म्हटलं, की सगळ्यांची नजर ऑटोक्लेव्हच्या घड्याळावर जाते. तिथं मात्र हात घालू नये. पाश्चरचा सहकारी चार्ल्स चेंबरलँड यानं १८७९ मध्ये हे यंत्र घडवलं, तेव्हापासून तत्त्व बदललेलं नाही. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळतं, बालाघाटाच्या पठारावर एक-दोन अंश आधीच, आणि चिवट बीजाणू त्याला दाद देत नाहीत. (तरी ‘जरा उकळून घ्या’ अजून ऐकू येतंच.) १५ पौंड दाबाखाली वाफ १२१ अंशांवर जाते, मग १५ ते २० मिनिटं लागतात. तापमान १० अंशांनी वाढलं, की बीजाणू सुमारे दहापट वेगानं मरतात. त्यामुळे १३४ अंशांच्या, आधी हवा ओढून घेणाऱ्या यंत्रात ३-४ मिनिटं पुरतात. पैसे असतील तर ते यंत्र घ्यावं. जुन्याच यंत्राची मिनिटं कापू नयेत.

कपडे-हत्यारं भरून यंत्रात ठेवायच्या ड्रमची भोकं उघडायची राहिली, तर काटा १५ वर असूनही आत हवाच कोंडलेली असते. ड्रमवर बाहेरून चिकटवलेल्या तपासणीच्या टेपवर काळे पट्टे उमटतात, सिस्टर निर्धास्त होतात. पण तो टेप ड्रमच्या पोटातलं काही सांगत नाही. घाईनं ओलाच बाहेर काढलेला ड्रमही वाया जातो. ओल्या कापडातून जंतू आत शिरतात, सगळं पुन्हा लावावं लागतं.

कुटुंब नियोजनाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांच्या दिवशी हा हिशेब उघडा पडतो. अनेक ठिकाणी दुर्बीण ऑटोक्लेव्हमध्ये न घालता २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये २० मिनिटं बुडवतात. आधीचं धुणं, नंतरचं निर्जंतुक पाण्यानं खळबळणं धरून दर शस्त्रक्रियेमागे अर्धा तास. केंद्राच्या सूचनांनुसार एका पथकाला दिवसाला ३० शस्त्रक्रियांची मर्यादा आहे, तीही ३ दुर्बिणी हाताशी असतील तर. एकच दुर्बीण असेल, तर दहावर थांबायचं.