तेलातले लोखंड

मंचर-नारायणगावचा माल घेऊन माळशेज घाट उतरणाऱ्या ट्रकच्या इंजिनात रिंग लायनरवर सारखी घासते. त्याचा कीस तेलात मिसळतो. चेंबरच्या तळाच्या बोल्टला लोहचुंबक असला, तर फिल्टरमधून निसटणारा बारीक कीसही तो धरून ठेवतो. (साधा निओडिमियम चुंबक मात्र नको, ८० अंशांपुढे त्याचा जोर ओसरतो, तेल तर १०० पर्यंत तापते.) तेल बदलताना आम्ही चुंबकावरून बोट फिरवतो. राखाडी चिखल लागला तर नेहमीची झीज. कपची टोचली तर गाडी उभी करायची, मालक काही म्हणो! पण पिस्टनचे ॲल्युमिनियम, बेअरिंगचे तांबे-शिसे चुंबकाला चिकटतच नाही. ‘चुंबक स्वच्छ होता, म्हणजे इंजिन ठीक होते, चूक ड्रायव्हरची,’ असे म्हणून एकाचा पगार कापला होता. ती कपात आम्ही याच मुद्द्यावर रद्द करवून घेतली.