जुना डेस्कटॉप मोडीत काढण्याआधी

संगणक जुना झाला की हळू होतो, असं सगळेच म्हणतात. पण प्रोसेसर काही झिजत नाही. २०१२ साली तो सेकंदाला जेवढी आकडेमोड करत होता तेवढीच आजही करतो. अपवाद एकच. पंख्यात धूळ कोंबली गेली असेल किंवा प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून गेली असेल, तर तो तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी मुद्दाम वेग उतरवतो. ब्लोअर मारून आणि नवी पेस्ट लावून हे दुखणं शे-दोनशे रुपयांत जातं. बाकी वय म्हणून जे दिसतं ते संगणकाचं नसून कामाचं असतं. वेबपानं जड झाली, अँटिव्हायरस आणि विंडोजचे अपडेट मागे सतत काहीतरी करत राहिले, आणि हा सगळा भार संगणकातल्या सर्वांत मंद भागावर येऊन पडला. तो भाग कोणता हे न पाहता खर्च केला की पैसे जातात आणि संगणक तसाच राहतो.

बोलायला एक ठरावीक संगणक घेऊ. इंटेलचा एच६१ चिपसेट असलेला बोर्ड, दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा आय३, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. २०११ नंतरच्या तीन-चार वर्षांत असे असेंबल्ड संगणक आपल्याकडे घरोघरी आले. कोणाकडे मुलाच्या एमएस-सीआयटीच्या निमित्ताने, कोणाकडे डीटीपीसाठी, कोणाकडे झेरॉक्सच्या दुकानात. त्यातले बरेच अजून सुरू होतात, आणि ‘आता नवाच घ्या’ हा सल्ला ऐकत असतात. ज्याच्याकडे नव्यासाठी तीस-पस्तीस हजार नाहीत, त्याला हा सल्ला काहीच उपयोगाचा नाही. हातात चार-पाच हजार आहेत असं धरून चालू.

‘एकदा फॉरमॅट मारा, पहिल्यासारखा होईल’

होतो, पण महिना-दोन महिने. पुन्हा अपडेट येतात, पुन्हा प्रोग्राम साचतात. शिवाय फॉरमॅटच्या घाईत फोटो, जुन्या मराठी फाइली आणि त्यांचे फॉन्ट गेले की परत मिळवताना नाकी नऊ येतात. सी ड्राइव्ह ‘साफ’ करणारी आणि रॅम ‘मोकळी’ करणारी फुकटची सॉफ्टवेअर तर स्वतःच एक ओझं असतात.

खरं कारण स्वतः पाहता येतं. संगणक अडकलेला असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू वीस-तीस टक्क्यांवर आणि डिस्क शंभर टक्क्यांवर दिसली, तर प्रोसेसर रिकामा बसून हार्ड डिस्कची वाट पाहतो आहे. या वर्गातल्या संगणकांत बहुतेक वेळा हेच दिसतं.

असं का होतं, याचा हिशेब सोपा आहे. साधी हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. ते टोक योग्य पट्ट्यावर न्यायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. एका ठिकाणची माहिती उचलायला असे तेरा मिलिसेकंद गेले, तर सेकंदाला जेमतेम पंचाहत्तर-ऐंशी ठिकाणं गाठून होतात. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली डिस्कवर विखुरलेल्या जागांहून वाचत असतं. हार्ड डिस्कऐवजी बसणाऱ्या एसएसडीत फिरणारं, सरकणारं काहीच नसतं. साधी, स्वस्त एसएसडीसुद्धा असे तुकडे सेकंदाला हजारोंच्या संख्येने वाचते. दोन-तीन मिनिटं घेणारा संगणक वीस-तीस सेकंदांत उभा राहतो तो यामुळेच. हातातले पैसे एकाच वस्तूला पुरणार असतील, तर ती वस्तू एसएसडी.

‘जुन्या बोर्डावर एसएसडी वाया जाते’

एच६१ वर साटाची जोडणी दुसऱ्या पिढीची, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ३०० एमबी. आजच्या साटा एसएसडीच्या खोक्यावर ५०० च्या पुढचे आकडे छापलेले असतात. त्यावरून लोक म्हणतात की अर्धा वेग गेला. तो छापील वेग एक सलग मोठी फाइल वाचतानाचा आहे. रोजच्या वापरात आपण थांबतो ते छोट्या तुकड्यांसाठी, आणि तिथे ही मर्यादा फारशी आड येत नाही.

पैसे खरोखर वाया जातात ते चुकीची एसएसडी घेतल्याने. या बोर्डावर एम.२ ची खाच नसते. एनव्हीएमई एसएसडी अॅडॉप्टर लावून बसवता येते, पण जुनं बायोस बहुधा तिच्यावरून विंडोज सुरू करू शकत नाही. दुकानात ‘अडीच इंची साटा’ असं स्पष्ट सांगा. २४० किंवा २५६ जीबी पुरते. जुनी हार्ड डिस्क फोटो आणि चित्रपटांसाठी दुसरी डिस्क म्हणून आतच राहू द्या. विंडोज टाकण्याआधी बायोसमध्ये साटा मोड आयडीई असेल तर एएचसीआय करा. हे आधी करायचं, कारण विंडोज टाकून झाल्यावर नुसता मोड बदलला तर ते बहुधा सुरूच होत नाही.

एसएसडी लवकर मरते ही भीतीही जुनी आहे. २४० जीबीच्या एका प्रचलित स्वस्त एसएसडीला कंपनी ८० टीबी लिखाणाची हमी देते. रोज वीस जीबी लिहिलं तरी ती मर्यादा गाठायला चार हजार दिवस, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षं लागतील, आणि घरगुती वापरात रोज वीस जीबी क्वचितच लिहिलं जातं. तिला डीफ्रॅग करू नका. विंडोज ७ पासून पुढच्या विंडोजना तिची निगा राखता येते. मात्र ऑनलाइन हजार-बाराशेत ‘दोन टीबी’ दिसली तर हात लावू नका. अशा डिस्कमध्ये मोठा आकडा फक्त दाखवलेला असतो. जागा भरली की फाइली बिघडतात.

‘रॅम वाढवली की झालं’

अर्धं खरं. विंडोज १० स्वतःच सुमारे दोन जीबी खातं. चार जीबीत ब्राउझरचे आठ-दहा टॅब उघडले की रॅम संपते आणि उरलेला पसारा विंडोज डिस्कवर ठेवू लागतं. डिस्क मंद असेल तर संगणक तिथेच गोठतो. म्हणून चार जीबीवरून आठ जीबीवर जाणं मोलाचं आहे. आठवरून सोळावर गेल्याचा फरक पत्रं, हिशेब आणि इंटरनेट एवढंच काम असणाऱ्याला जाणवणारही नाही.

आधी विंडोज ३२ बिटी आहे की ६४, ते तपासा. ३२ बिटी विंडोज चार जीबीच्या पुढची रॅम वापरत नाही, आणि त्यातलीही साडेतीनच्या आसपासच हाती लागते. आठ जीबी घालूनही संगणकात ३.२ किंवा ३.४ दिसतं तेव्हा रॅम खोटी निघाली असं वाटतं. चूक विंडोजच्या निवडीत असते.

पुढचा प्रश्न कोणती रॅम चालेल. डीडीआर२, डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकींच्या जागी बसत नाहीत, त्यांची खाच वेगळ्या ठिकाणी असते. एच६१ ला डीडीआर३ लागते, बहुतेक बोर्डांवर दोनच जागा असतात आणि कमाल मर्यादा सोळा जीबी. वेगवेगळ्या कंपनीच्या रॅम एकत्र चालत नाहीत हे सरसकट खरं नाही. बहुधा चालतात, फक्त दोन्ही मंद रॅमच्या वेगाने. ऑनलाइन मिळणारी स्वस्तातली आठ जीबी डीडीआर३ घेताना बारीक अक्षरं वाचा. ‘फक्त एएमडीसाठी’ असं लिहिलेली रॅम इंटेलच्या बोर्डावर चालत नाही.

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, कारण चिपचे कारखाने एआयच्या डेटा सेंटरांची मागणी आधी पुरवत आहेत. अशा वेळी वापरलेली डीडीआर३ घेण्यात काही कमीपणा नाही. रॅम आणि प्रोसेसर या वापरून सहसा न बिघडणाऱ्या वस्तू आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर त्या सुट्ट्या मिळतात. घरी आणल्यावर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ प्लस रात्रभर चालवा, आणि एकही चूक निघाली तरी बदलून मिळेल हे दुकानदाराकडून आधीच कबूल करून घ्या. वापरलेली हार्ड डिस्क आणि वापरलेला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, मात्र घेऊ नका. ते दोन्ही खरोखर झिजतात.

‘आय५ म्हणजे आय३ पेक्षा चांगला’

एकाच पिढीत, हो. पिढी बदलली की हे गणित मोडतं. २०१० च्या आय५-६५० मध्ये दोन कोअर होते आणि २०१७ च्या आय३-८१०० मध्ये चार. नुसतं ‘आय५ आहे, घेऊन टाका’ म्हणून जुना संगणक गळ्यात मारला जातो तो या अज्ञानावर. पुढचा आकडा विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

आपल्या एच६१ ला ११५५ पिनांचा सॉकेट आहे. त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचेच प्रोसेसर बसतात. २०१३ च्या चौथ्या पिढीने सॉकेट बदलला. आय३ काढून वापरलेला आय५-२४०० किंवा आय५-३४७० घातला तर दोनाचे चार कोअर होतात. तिसऱ्या पिढीसाठी अनेक एच६१ बोर्डांना आधी बायोस अपडेट लागतं, आणि ते जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच करावं लागतं. ते करताना वीज गेली तर बोर्डच जाऊ शकतो, तेव्हा यूपीएस नसेल तर या वाटेला जाऊ नका. हा खर्च एसएसडी आणि रॅमनंतरचा, आणि टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू खरोखर शंभर टक्क्यांवर जात असेल तरच.

ग्राफिक कार्डाबद्दल थोडक्यात. त्याने एक्सेल, टॅली किंवा ब्राउझर पळू लागत नाही. गेम किंवा व्हिडिओ संपादन करायचं नसेल तर ते विसरा. घ्यायचंच असेल तर वेगळी पॉवर केबल न लागणारं घ्या. पीसीआय एक्स्प्रेसच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात आणि दहा वर्षांच्या स्वस्त एसएमपीएसवर त्याहून जास्त भार टाकणं धोक्याचं, त्याच्यावर ४५० वॉट छापलेलं असलं तरी.

‘तारीख चुकते, नेट चालत नाही, म्हणजे व्हायरस’

किंवा बोर्ड गेला. बहुतेक वेळा दोन्ही नाही. बोर्डावरचा सीआर२०३२ नावाचा तीन व्होल्टचा गोल सेल संपला की वीज जाताच घड्याळ मागच्या कुठल्यातरी सालावर जातं. मग सुरक्षित वेबसाइटची प्रमाणपत्रं ब्राउझरला अवैध वाटतात आणि बँकेपासून ई-मेलपर्यंत सगळीकडे इशारे येऊ लागतात. सेल वडापावच्या पैशांत मिळतो. पडदा काळा राहून बीप वाजत असतील तर वीज बंद करून रॅम काढा, तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसा आणि पुन्हा नीट दाबून बसवा. दमट हवेत, विशेषतः कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात, एवढ्यानेही ‘बंद पडलेले’ संगणक उठतात.

‘विंडोज ११ चालत नाही, म्हणजे संगणक भंगार’

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची एक वर्षाची वाढीव योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर चालतात, म्हणजे आपला एच६१ त्यात बसत नाही. आडवाटेने ते बसवून देणारे भेटतील, पण पुढचे मोठे अपडेट मिळतीलच याची खात्री राहत नाही.

याचं चांगलं उत्तर लिनक्स आहे, आणि त्याबद्दलची भीती मला मनापासून खटकते. लिनक्स मिंट फुकट आहे, अधिकृत आहे, आणि त्याच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. चार जीबीत ते सुखाने चालतं. मराठी युनिकोड टायपिंग, इन्स्क्रिप्ट कळफलकासह, त्यात होतं. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स आधीपासून आत असतात. पेन ड्राइव्हवरून सुरू करून, डिस्कला हात न लावता, आधी पाहताही येतं. ज्याचं पोट टॅली, श्रीलिपी, कोरलड्रॉ किंवा विंडोजवरच चालणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीवर आहे, त्याने मात्र विंडोज सोडू नये. शाळकरी मुलं, निवृत्त आई-वडील, ग्रंथालय यांना काही अडत नाही.

बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले असतील, संगणक डीडीआर२ च्या काळातला असेल किंवा बोर्डच गेला असेल, तर जुन्यावर पैसे ओतू नका. मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले आठव्या पिढीचे रीफर्बिश्ड डेस्कटॉप नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, आणि त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. फक्त त्यांचा एसएमपीएस पुष्कळदा त्या कंपनीच्याच मापाचा असतो, तेव्हा तो तपासून आणि वॉरंटी लिहून घेऊन घ्या.

जुना संगणक कोणाला देताना किंवा ई-कचऱ्यात टाकताना एक गैरसमज सर्वांत महागात पडू शकतो: फॉरमॅट केलं की सगळं पुसलं जातं. क्विक फॉरमॅटने फक्त यादी जाते. आधारच्या प्रती, पासबुकाचे स्कॅन, मुलांचे फोटो हार्ड डिस्कवर तसेच राहतात आणि फुकटच्या सॉफ्टवेअरने परत निघतात. फॉरमॅटच्या खिडकीतली ‘क्विक’ ची खूण काढा आणि संपूर्ण फॉरमॅट चालू द्या. पाचशे जीबीला तास-दोन तास लागतात. डिस्क चालतच नसेल, तर ती संगणकासोबत देऊ नका. काढून घ्या आणि आतल्या चकत्यांना ड्रिलने भोक पाडूनच ई-कचऱ्यात टाका.