पहिली हाइसमन ट्रॉफी ज्यांच्या खेळाडूला मिळाली, त्या शिकागो विद्यापीठानं फुटबॉलच बंद का केला?

85-0. 1939 मध्ये मिशिगननं शिकागो विद्यापीठाला एवढ्या फरकानं हरवलं. त्याच सीझनमध्ये हार्वर्ड आणि ओहायो स्टेटनंही प्रत्येकी 61-0 नं धुतलं. डिसेंबरमध्ये विद्यापीठानं टीमच गुंडाळली.

(हा अमेरिकन फुटबॉल बरं का. लांबट चेंडू, हेल्मेट आणि पायापेक्षा हाताचंच काम जास्त.)

आता हरणाऱ्या टीमचं एवढं काय, असं वाटेल. पण ही टीम एकेकाळी अमेरिकेत दादा होती. 1892 पासून सलग 40 वर्षं अमोस अलोन्झो स्टॅग हे एकच कोच. 'बिग टेन' या बड्या विद्यापीठांच्या लीगमध्ये 7 विजेतेपदं. हाइसमन ट्रॉफी म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा मान. 1935 मध्ये ती पहिल्यांदा दिली गेली, ती शिकागोच्या जे बर्वँगरला. पुढच्याच वर्षी एनएफएलच्या पहिल्यावहिल्या ड्राफ्टमध्ये पहिलं नावही त्याचंच. गडी एनएफएलची एकही मॅच खेळला नाही, तो भाग वेगळा.

मग माशी शिंकली कुठं?

1929 मध्ये अवघ्या 30 वर्षांचे रॉबर्ट हचिन्स विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. तिकिटांच्या गल्ल्यासाठी खेळाडू पोसणं हे विद्यापीठाचं काम नाही, असं त्यांचं ठाम मत. मॅचचं तिकीट 10 सेंट करा, मग बघा किती विद्यापीठांना खेळाचं प्रेम उरतं, असा त्यांच्या युक्तिवादाचा सूर होता. स्टॅग यांनाही त्यांच्याच काळात वयाच्या सत्तरीमुळे पद सोडावं लागलं. दुसरीकडे बाकीची विद्यापीठं तगडे खेळाडू जमवत होती. त्यांच्यासारखं व्हायचं किंवा दरवर्षी मार खायचा, एवढेच पर्याय उरले होते. हचिन्स यांनी तिसराच निवडला. सोपा नव्हता तो.

स्टॅग फील्डची गॅलरी ओस पडली. तिच्याखालच्या एका बंदिस्त कोर्टमध्ये 2 डिसेंबर 1942 ला एन्रिको फर्मी यांच्या टीमनं जगातली पहिली नियंत्रित अणू साखळी प्रक्रिया घडवली. अणुबॉम्बचा रस्ता तिथून खुला झाला.

1946 मध्ये शिकागोनं बिग टेन सोडली. 1969 मध्ये फुटबॉल परत आला, पण आता टीम डिव्हिजन थ्रीमध्ये खेळते. तिथं खेळासाठी स्कॉलरशिप मिळत नाही. जुनं स्टॅग फील्ड पाडलं गेलं. त्या जागेवर आज विद्यापीठाचं ग्रंथालय उभं आहे.