माती आणि मूळ (भाग ५) : चिखलात उभं पीक

मागच्या भागात आपण आम्ल मातीत स्फुरद का अडकतो ते पाहिलं. महाड-पोलादपूरच्या मुसळधार पावसाने बेसॉल्टपासून झालेल्या मातीतला चुना आणि मॅग्नेशियम धुऊन नेलं; लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं आणि त्यांनी स्फुरद आवळून धरला. मग वीरच्या आसपास, सावित्रीच्या खोऱ्यात, भात एवढा जोमाने येतो तो कसा?

उत्तर चिखलणीत आहे. खाचरात पाणी कोंडलं की मातीतला ऑक्सिजन एक-दोन दिवसांत संपतो, कारण पाण्यातून तो हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. पण जिवाणूंचं श्वसन चालूच असतं आणि इलेक्ट्रॉन घ्यायला त्यांना कुणीतरी हवं असतं. आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग फेरिक लोह. फेरिकचं फेरस झालं की ते विरघळतं आणि त्याने धरलेला स्फुरद सुटतो. या क्रियेत हायड्रोजन आयनही खर्ची पडतात. त्यामुळे साडेपाच सामूची माती काही आठवड्यांत साडेसहा-सातच्या घरात येते, तीही चुना न घालता! फेलिक्स पोन्नमपेरुमा यांनी १९७२ मध्ये पाण्याखालच्या मातीचं हे रसायनशास्त्र सविस्तर मांडलं. मला ते मृदाशास्त्रातलं सर्वांत देखणं काम वाटतं.

आता मुळाची बाजू. लावणीनंतर महिन्याभराने भाताचा एक चूड मातीसकट उपटा आणि वाहत्या पाण्यात हलक्या हाताने धुवा. कोवळी टोकं पांढरी दिसतील, जुनी मुळं तांबूस. जुन्या मुळाचा ब्लेडने पातळ आडवा छेद घेतला, की सालीच्या भागात मोठमोठ्या पोकळ्या दिसतात. हेच वायूतक, म्हणजे एरेन्कायमा. पानांतून आलेला ऑक्सिजन या वाटेने खाली उतरतो. त्यातला थोडा मुळाबाहेर झिरपतो, तिथल्या फेरसला गाठतो आणि त्याचा गंज मुळावर बसतो. विरघळलेलं लोह अती झालं तर भाताला विषारी ठरतं. त्यातलं बरंचसं या गंजातच अडतं. मुळं काळी पडली असतील आणि सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर मात्र सल्फाइड वाढलंय असं समजा. तिथे पाणी काही दिवस काढून टाकणं बरं.

युरियाचं गणितही इथेच सुटतं. साचलेल्या पाण्यात फेकलेल्या युरियाचा काही नत्र अमोनिया होऊन उडून जातो. चिखलाच्या वरच्या पातळ थरात थोडा ऑक्सिजन असतो, तिथे काहीचं नायट्रेट होतं; ते खाली उतरलं की जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करून टाकतात. भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत चार चुडांच्या मधोमध युरियाची ब्रिकेट (दाबून केलेली गोळी) खोल खोचतात ते याचसाठी. तिथे ऑक्सिजन नसल्याने नत्र अमोनियमच राहतो आणि मातीच्या कणांना धरून बसतो.

भात कापल्यावर खाचर सुकतं, हवा पुन्हा आत शिरते आणि फेरसचं परत फेरिक होतं. त्याच ओलीवर रायगडचा शेतकरी वाल पेरतो. वालाच्या मुळावरच्या गाठी आतून गुलाबी का असतात, ते पुढच्या भागात.