राष्ट्रगीत हातांनीही गाता येतं!

ऑगस्ट 2017 मध्ये आपलं राष्ट्रगीत भारतीय सांकेतिक भाषेत आलं. दिग्दर्शक गोविंद निहलानी, आणि दिव्यांग मुलांसोबत खुणा करणारे अमिताभ बच्चन. व्हिडिओ जरूर बघा.

गाणं खुणांत आणताना शब्दाला शब्द ठेवून भागत नाही. या भाषेचं व्याकरण वेगळं आहे. आधी ओळीचा अर्थ पकडायचा, मग ताल. सूर लांबला की खूणही तेवढा वेळ धरून ठेवायची. लय वाढली की हात, खांदे वेग घेतात. भुवया आणि चेहरा तर व्याकरणाचाच भाग!

ताल अंगालाही कळतो. आपल्या झरी गावात भजन असेल तेव्हा वादकाला विचारून कर्णबधिर मुलाचा तळहात पखवाजाच्या खोडावर ठेवून बघा. धुमेची, म्हणजे डाव्या बाजूची, थाप थेट हाताला लागते.

सांकेतिक भाषा शिकायचीय? दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा 10,000 शब्दांचा कोश ऑनलाइन मिळतो.

यंदा गणपतीत आरतीच्या वेळी खुणा करणारा एक जण उजेडात, सगळ्यांना दिसेल असा उभा करूया. कोण तयार आहे? कमेंटमध्ये सांगा.

#भारतीयसांकेतिकभाषा #झरी #परभणी