बॅकअपची फाइल लिहितं कोण?

सोयाबीनच्या हंगामात लोह्याच्या मोंढ्यात आडतीचा संगणक दिवसभर हिशेबपट्ट्या काढत असतो. वजन, भाव, हमाली, तोलाई, शेतकऱ्याने आधी घेतलेली उचल, सगळं एकाच डेटाबेसमध्ये. रात्री बॅकअप घ्यायला जावं आणि पडद्यावर यावं : ‘ऑपरेटिंग सिस्टिम एरर ५, ॲक्सेस इज डिनाइड’. पतसंस्था असो की औषधांचं दुकान, एसक्यूएल सर्व्हर आहे तिथे हा संदेश कधी ना कधी येतोच. त्यावरचे प्रचलित उपाय मात्र बहुतेक चुकीच्या समजांवर उभे आहेत.

गैरसमज : मी ॲडमिन म्हणून लॉगिन आहे, मला परवानगी कशी नाही?

बटण तुम्ही दाबता, पण फाइल लिहिते एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिस, आणि ती चालते तिच्या स्वतःच्या खात्यावर. एक्सप्रेस आवृत्तीत त्या खात्याचं नाव सहसा ‘एनटी सर्व्हिस\एमएसएसक्यूएल$एसक्यूएलएक्सप्रेस’ असतं. त्या खात्याला फोल्डरमध्ये लिहिता येत नसेल, तर तुमचे अधिकार कितीही असोत, फाइल तयार होत नाही. डेस्कटॉपवर बॅकअप घेताना हमखास अडतं ते यामुळेच, कारण तो फोल्डर तुमच्या खात्याचा आहे, सर्व्हिसच्या नव्हे.

उपाय असा. विंडोजमध्ये सर्व्हिसेसची यादी उघडा आणि ‘लॉग ऑन ॲज’ रकान्यातलं नाव टिपून घ्या. डी ड्राइव्हवर बॅकअपसाठी वेगळा फोल्डर करा, त्याच्या ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये त्या खात्याला ‘मॉडिफाय’ द्या. हे खातं शोधयादीत सहसा दिसत नाही, म्हणून अनेकजण इथेच थांबतात. लोकेशनमध्ये त्याच संगणकाचं नाव निवडा, ‘एनटी सर्व्हिस\’सकट पूर्ण नाव हाताने टाइप करा आणि ‘चेक नेम्स’ दाबा.

संदेशातला आकडाही नीट वाचावा. ५ म्हणजे परवानगी नाही, ३ म्हणजे तो मार्गच सापडला नाही, ११२ म्हणजे डिस्कवर जागा नाही. दुसऱ्या संगणकावरचा फोल्डर तुम्ही झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला असेल, तर तो तुमच्या लॉगिनपुरताच असतो. सर्व्हिसला झेड दिसतच नाही. तिथे परवानग्या बदलत बसून काही हाती लागत नाही. दुकानातल्या साध्या नेटवर्कवर सोपा मार्ग म्हणजे बॅकअप आधी स्थानिक डिस्कवर घ्यायचा आणि मग आपल्या खात्यातून दुसरीकडे कॉपी करायचा.

गैरसमज : ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल दिला की प्रश्न मिटला.

एरर जाते, हे खरं. पण त्या एका फाइलमध्ये प्रत्येक खातेदाराची उधारी आणि फोन नंबर आहे. आता संगणकावर बसणारा कुणीही ती उचलू शकतो, पुसू शकतो. खंडणीखोर व्हायरस शिरला, तर मूळ डेटाबरोबर बॅकअपही त्याच्या तावडीत जातो. ही घरची किल्ली चौकात टांगल्यासारखी गत आहे. लिनक्सवर सगळ्यांना सगळे अधिकार देणारा ७७७ हा त्याचाच भाऊ, आणि तो कित्येकदा उपयोगीही पडत नाही : वरच्या एखाद्या फोल्डरमधून आत जाण्याची परवानगी नसेल, तर शेवटचा फोल्डर कितीही मोकळा करा, फाइल लिहिली जाणार नाही.

गैरसमज : परवानगीची एरर म्हणजे फोल्डरचाच दोष.

मायएसक्यूएल अपडेट केल्यावर कालपर्यंत बिनतक्रार चालणारा त्याचा बॅकअपचा प्रोग्राम, मायएसक्यूएलडंप, ‘प्रोसेस प्रिव्हिलेज’ मागू लागतो. ८.०.२१ पासून हा बदल आहे आणि त्याचा फोल्डरशी काडीचा संबंध नाही. आज्ञेत ‘नो-टेबलस्पेसेस’ हा पर्याय जोडला की काम भागतं. पोस्टग्रेसमध्ये ‘परमिशन डिनाइड फॉर टेबल’ आलं, तर तेही डेटाबेसच्या आतलं प्रकरण. १४ व्या आवृत्तीपासून त्यासाठी ‘पीजी_रीड_ऑल_डेटा’ ही तयार भूमिका आहे. बॅकअपच्या खात्याला तेवढीच द्यावी, सुपरयूजर करू नये.

गैरसमज : एरर आली नाही, म्हणजे बॅकअप झाला.

माझ्या मते सगळ्यांत घातक समज हाच. मायएसक्यूएलडंपचं आउटपुट अनेकदा थेट जीझिप या फाइल लहान करणाऱ्या प्रोग्रामकडे वळवलेलं असतं. डंप परवानगीअभावी पहिल्याच पायरीवर अडला, तरी जीझिप आपलं काम करून ‘यशस्वी’ म्हणून मोकळा होतो. फोल्डरमध्ये आजच्या तारखेची फाइल दिसते, आकार फक्त २० बाइट. आत काहीच नसतं. रोज नवी फाइल दिसते म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत चुकून मूळ डेटा पुसला गेला, तेव्हा कळलं की रोजचा पोस्टग्रेस डंप होतच नव्हता. कारण परवानगीचं नव्हतं, डंपची आवृत्ती जुनी होती. अपयशाचे इशारा-मेलही पोहोचत नव्हते. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला.

आणखी एक ध्यानात ठेवा : एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘डीबी_बॅकअपऑपरेटर’ भूमिकेला बॅकअप घेता येतो, रिस्टोअर करता येत नाही. रिस्टोअरचे अधिकार कुणाकडे आहेत, हे अडचण येण्याआधी माहीत हवं.

म्हणून या आठवड्यात एवढं कराच. शेवटची बॅकअप फाइल दुसऱ्या संगणकावर, वेगळ्या नावाने रिस्टोअर करा आणि त्यात काल संध्याकाळी काढलेली शेवटची हिशेबपट्टी सापडते का, ते स्वतः उघडून पाहा.