उजव्या हृदयावरचा दुसरा भार

१९८१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने एका दुर्मीळ आजाराची नोंदवही उघडली. फुप्फुसांतल्या बारीक धमन्या कारण न कळता जाड होत जातात, त्यांतला दाब चढतो आणि त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदयाचा उजवा कप्पा थकतो. आज आपण याला पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन म्हणतो. त्या नोंदवहीतल्या रुग्णांचे सरासरी वय होते ३६, आणि निदानानंतर निम्मे रुग्ण पावणेतीन-तीन वर्षांत दगावले.

साहजिकच सगळे लक्ष दाबावर खिळले. १९९५ मध्ये शिरेतून सतत द्यायचे इपोप्रोस्टेनॉल आले, २००१ मध्ये बोसेन्टान, २००५ मध्ये सिल्डेनाफिल. सगळ्यांचे काम एकच, धमन्या सैल करणे. रुग्ण अधिक जगू लागले. निदानही उतारवयातल्या माणसांत होऊ लागले. २००६ पासून अमेरिकेत भरत गेलेल्या 'रिव्हील' या मोठ्या नोंदवहीत सरासरी वय पन्नाशीच्या घरात पोचले होते आणि दर आठ-नऊ रुग्णांमागे एकाला मधुमेह होता.

साखरेकडे मात्र प्रयोगशाळेने आधी बोट दाखवले. २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांना दिसले, की इन्सुलिनला दाद न देणाऱ्या उंदरांच्या फुप्फुसांत दाब वाढतो आणि मधुमेहावरच्या रोसिग्लिटाझोनने तो उतरतो. दोनच वर्षांनी तिथल्याच ८१ स्त्री-रुग्णांच्या पाहणीत इन्सुलिन-प्रतिरोधाचे प्रमाण सामान्य स्त्रियांच्या दुपटीहून अधिक निघाले. अशा रुग्णांची प्रकृतीही लवकर ढासळत होती. २०१३ मध्ये 'रिव्हील'च्या विश्लेषणाने मधुमेह आणि मृत्यूचा वाढता धोका यांचा संबंध नोंदवला.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २०१४ चा व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठाचा अभ्यास. मधुमेही रुग्ण कमी जगत होते, आणि त्यांच्या उजव्या कप्प्याची रक्त ढकलण्याची ताकदही कमी भरली. म्हणजे फक्त फुप्फुसांतला दाब मोजून या रुग्णांचे भवितव्य कळणार नव्हते. दुखणे हृदयाच्या स्नायूतही होते. या आजारात माणूस शेवटी जातो तो उजवे हृदय हरल्यामुळे, म्हणून हा निष्कर्ष तेव्हाच गाजायला हवा होता.

तरीही हे सारे पुरावे संबंधाचे आहेत, कारणाचे नाहीत. मधुमेही माणूस बहुधा वयाने मोठा असतो, वजन जास्त असते, डावे हृदयही ताठर झालेले असू शकते. 'अ‍ॅम्बिशन' या गाजलेल्या औषध-चाचणीच्या मुख्य विश्लेषणातून असे अनेक धोके एकत्र असलेले रुग्ण वगळले गेले. नियम शास्त्राला धरूनच होता, पण ज्यांची जोखीम जास्त त्यांच्याबद्दलचे ज्ञान तोकडे राहिले. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी हृदय-फुप्फुसांच्या सहव्याधी असलेल्यांसाठी उपचाराची वाट वेगळी, सुरुवातीला एकाच औषधाची, आखली. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनची या आजारात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी अवघ्या २० रुग्णांची, आठ आठवड्यांची. उजव्या कप्प्याचे काम थोडे सुधारलेले दिसले. आयुष्य वाढते का, हे एवढ्यावरून ठरत नाही.

भारतात २०२३ च्या आयसीएमआर पाहणीने मधुमेहींचा आकडा दहा कोटींवर नेला. केरळमधल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदवहीने फुप्फुसांतल्या सर्व प्रकारच्या वाढीव रक्तदाबाचे आपल्याकडचे स्वरूप समोर आणले. त्यात डाव्या हृदयाच्या दुखण्यातून आलेले रुग्ण सर्वांत जास्त. इथे साखर आणि धाप एकाच घरात भेटणे नवलाचे नाही.

घरात कुणाला हा आजार असेल, तर तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणी करून घ्या, मधुमेह पूर्वी नसला तरीही. आणि बोसेन्टान सुरू होत असेल, तर साखरेच्या गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांपुढे ठेवा. त्यांत ग्लिबेनक्लामाइड असेल, तर आवर्जून सांगा. ही दोन औषधे एकत्र घेतल्यास यकृताला इजा होण्याचा धोका वाढतो, म्हणून ती एकत्र देत नाहीत.